उंबरठ्यावरचं सातवं बोट

धानोरा
१७ फेब्रुवारी २०२५

रुपा,

‘चिरंजीव’ लिहायला पेन टेकवलं आणि हात थांबला. आपल्यात आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मेलेल्या माणसांची घागर भरतात. जिची घागर ती जिवंत असतानाच भरली, तिला चिरंजीव कोणत्या तोंडानं लिहायचं? म्हणून नुसतं रुपा.

घाबरू नकोस, हे पत्र मी टाकणार नाहीये. हा माझा गृहपाठ आहे. साठीला टेकलेल्या बाईला गृहपाठ! हस पाहिजे तर.

तुझे आबा नोव्हेंबरात गेले. तेव्हापासून माझी झोप उडाली. सुरुवातीला मी कोणाला काही बोलले नाही. पण स्वप्नाली, म्हणजे भूपेशची बायको, तू तिला पाहिलेलं नाहीस, ती एक दिवस म्हणाली, “आई, तुम्ही भाकरी थापता थापता कोणाशी बोलता?” मी म्हटलं, तव्याशी. ती हसली नाही. दुसऱ्याच दिवशी मला गाडीवर मागे बसवून नंदुरबारला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

तिथं एका खोलीवर ‘समुपदेशक’ अशी पाटी. मला वाटलं, गोळ्या मिळतील, दोन दिवस गप्पगार झोपेन. आत अल्पना मॅडम. आपले कापडवाले सुभाषचंद शेठ, त्यांची धाकटी. तुझ्या गणवेशाचं कापड आपण त्यांच्याच दुकानातून घ्यायचो, तेव्हा ही गल्ल्यामागं बसून चित्रं रंगवायची. आता माझं दुखणं ऐकायला बसली आहे. तिनं पाऊण तास ऐकलं आणि केसपेपरच्या पाठीवर औषधाऐवजी तीन पुस्तकं लिहून दिली. कपाटातून काढून वर सहीसुद्धा घेतली माझी. दवाखान्यात जाऊन पुस्तकं घेऊन आलेली मी गावातली पहिलीच बाई. शेजारच्या चुनीलाल काकांनी बसस्टँडवर पिशवीत डोकावून पाहिलं, “काय वहिनी, म्हातारपणी परीक्षा शे का?”

पुस्तकांची नावं लांबलचक आहेत, मी रंगावरून ओळखते. निळं श्वासाचं. श्वास घ्या, चार मोजा, सोडा. तीस वर्षं अंगणवाडीत पोरांना अंक शिकवले, आता स्वतःचा श्वास मोजत बसले आहे. पण खोटं नाही बोलणार, चौथ्या दिवशी दुपारी एक तास डोळा लागला.

दुसरं पिवळं. ते दुःखाचं. त्यात लिहिलंय, ज्या माणसाशी बोलणं तुटलं त्याला पत्र लिहा, टाकू नका, फक्त लिहा. म्हणून हा कागद.

तिसरं मातीच्या रंगाचं. मॅडम म्हणाल्या, ते शेवटी वाचा, आपल्याच जिल्ह्यातल्या बायकांनी स्वतःचं स्वतः सांगितलंय, कशा सावरल्या ते.

आता काय लिहू? तुझ्या आबांच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्या तोंडात तुझंच नाव होतं. तू आली नाहीस. त्यात तुझी चूक आहे असं मी म्हणत नाही. सात वर्षांपूर्वी जे झालं ते झालं. जाऊ दे.

पिवळ्या पुस्तकात म्हटलंय की ‘जाऊ दे’ असं जिथं लिहाल तिथं थांबा आणि परत लिहा. मी थांबते. परत लिहीत नाही.

आई

३ मार्च

रुपा, रुपा, अगं काय केलंस हे!

अक्षर लागलं नाही तर समजून घे. स्वप्नाली शेतात गेली आहे, भूपेश पपईची गाडी भरतोय, घरात मी एकटी आणि समोर हे मातीच्या रंगाचं पुस्तक उघडं पडलंय. मी सकाळपासून चूलही पेटवली नाही.

दहा-बारा बायकांच्या गोष्टी वाचून झाल्या होत्या. एक नवापूरच्या कोंबड्यांच्या शेडवर काम करणारी, एक विसरवाडीला चहाची टपरी चालवणारी. वाचून रडत होते आणि बरं पण वाटत होतं, खरंच. आपण एकट्या नाही असं वाटतं. मग पान चौसष्ट आलं. वर नाव भलतंच. खाली टीप, की नावं बदलली आहेत. मी जशीच्या तशी उतरवून काढते. तुझंच तुला.

‘माझी आई अंगणवाडी सेविका होती. दर महिन्याला ती मला झोळीच्या काट्यात बसवून तोलायची आणि वजन स्वयंपाकघराच्या दारामागे खडूनं लिहायची. पुढे तेच आकडे तिनं तेलरंगानं पक्के केले. मी डोंगरातल्या मुलाशी लग्न केलं. घरच्यांना मान्य नव्हतं. चार महिन्यांनी आखाजी आली. आमच्याकडे लेकी आखाजीला माहेरी जातात. मला दिवस गेले होते. वाटलं, ही बातमी ऐकून कोण दार लावेल? मी गेले.

‘आखाजीला सकाळी आमच्यात घराण्यातल्या मेलेल्यांसाठी नवी घागर भरतात, तिच्यावर खरबूज आणि गोड सांजोरी ठेवतात. उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढून एकेका मृताचं नाव घेतात. मी फाटकाशी पोचले तेव्हा शेजारचे काका म्हणाले, पोरी, तुझीच घागर भरतायत. मला थट्टा वाटली. मग ओट्यावर वडील दिसले. त्यांच्या दोन्ही हातांत कोरी घागर होती. माझ्याकडे बघत त्यांनी मोठ्यानं माझं नाव घेतलं. दोनदा. मेलेल्या माणसाचं घेतात तसं.

‘मी परत फिरले. त्यानंतर कित्येक महिने मला जगावंसं वाटत नव्हतं. पोटात मूल नसतं तर काय झालं असतं सांगता येत नाही. मला एकाच गोष्टीनं तारलं. माझ्या आईनं ते केलं नव्हतं. तिला आत कोंडलं असेल, तिला कळूही दिलं नसेल. त्या दारामागचे आकडे लिहिणारा हात असं करणार नाही, हे मी रोज स्वतःला सांगत राहिले आणि उभी राहिले.’

संपलं. पुढच्या पानावर दुसरीच बाई.

मला दिवस गेले होते, असं लिहिलंयस. मला माहीत नव्हतं गं. देवाशप्पथ मला माहीत नव्हतं.

६ मार्च

रुपा,

काल बुधवार. मॅडम बुधवारी दवाखान्यात बसतात. मी पुस्तक टेबलावर आपटलं. म्हटलं, “तुम्हाला ठाऊक होतं? मुद्दाम दिलंत?” माझा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला असणार. आवाज माझा तसाही खणखणीत, तुला माहितीये.

मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. त्यांनी पान चौसष्ट वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत वाचलं. म्हणाल्या, “प्रमिलाताई, शपथेवर सांगते, मला माहीत नव्हतं. हे पुस्तक मी आत्तापर्यंत वीस-पंचवीस बायकांना दिलंय.”

वीस-पंचवीस! म्हणजे तितक्या जणींनी तुझ्या आबांना शिव्या घातल्या असतील. त्या बिचाऱ्या माणसानं आयुष्यात बैलालाही कधी आसूड मारला नाही.

मग मॅडमनी विचारलं, “या गोष्टीत तुम्ही कुठे आहात?”

मी म्हटलं, “स्वयंपाकघरात. त्या दारापाशी उभी होते.”

“आणि काय करत होतात?”

मी पाणी मागितलं. प्यायले आणि घरी आले.

एक गोष्ट मात्र आज लिहून टाकते. आबा गेले त्या दिवशी भूपेशनं तुला फोन लावला होता. स्पीकरवर होता. “ज्यांनी माझी घागर भरली, त्यांच्या तिरडीला मी कशाला येऊ?” असं तू म्हणालीस. मी तिथंच होते, त्यांच्या उशाशी बसलेले. सगळं ऐकलं. मी एक शब्द बोलू शकले असते. बोलले नाही.

२४ मार्च

रुपा,

अठरा दिवस हा कागद कोरा होता. आज लिहिते. मध्ये थांबले तर परत लिहिणार नाही, म्हणून एका दमात.

उंबरठ्यावर बोट काढायचं काम घरातल्या सवाष्णीचं. घरात सवाष्ण मी एकटी होते. भूपेशचं लग्न व्हायचं होतं, तुझी काकू आदल्या वर्षीच गेलेली. मग बोट कोणी काढलं असेल, हा विचार तुझ्या डोक्यात कधी आला नाही का गं?

मी काढलं. सातवं बोट. आपल्या घराण्याची सहा. तुझे पणजोबा, पणजी, आजोबा, आजी तापीबाई, मोठे काका आणि काकू. सहा झाली आणि मी कुंकवात परत बोट बुडवलं. तुझं नाव घेतलं. खडखडीत घेतलं, समोरच्या ओट्यावर ऐकू जाईल असं.

कोणी भाग पाडलं? कोणीच नाही. भूपेशची सोयरीक चालू होती. स्वप्नालीच्या मामांनी फक्त एकदा विचारलं होतं, “तुमची मुलगी कुठे असते?” साधं विचारलं होतं त्यांनी. माझंच अंग पेटलं. मी म्हटलं, “आमच्यासाठी मेली ती.” आणि बोललेलं खरं करून दाखवायचा हा माझा मेला स्वभाव. आखाजीच्या आदल्या दिवशी नंदुरबारच्या बाजारातून मीच एक घागर जास्त आणली. कुंभारीण म्हणाली, “यंदा कोण गेलं?” मी पैसे मोजून दिले.

तीस वर्षं मी भिलाची, पावऱ्याची, पाटलाची पोरं एकाच झोळीत तोलली. शेंबूड पुसला, खिचडी भरवली. बायांना सांगायची, सगळी लेकरं सारखी. आणि स्वतःच्या घरात डोंगरातला पावरा जावई आला तेव्हा माझं सगळं शिकवलेलं वाहून गेलं.

तुझे आबा ओट्यावर होते, भूपेश शेतात. त्यांनी नाव ऐकलं आणि आत आले. त्यांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. म्हणाले, “मन्ही पोर जित्ती शे. जित्ता माणूसनी घागर भरतस का?” मी म्हटलं, भरतात, मी भरली. त्यांनी खरबूज बाजूला काढलं आणि घागर उचलली. बाहेर नेऊन फोडायला उचलली, रुपा. दोन्ही हातांत धरून ते ओट्यावर आले आणि समोर फाटकात तू. हातात पिशवी, अंगावर ती अबोली साडी.

त्यांनी तुला हाक मारली. हाक होती ती! “रुपा! रुपा व!” तू परत फिरलीस म्हणून दुसऱ्यांदा मारली. तुला वाटलं ते मेलेल्याचं नाव घेतायत. आपल्यात वाढलेल्या पोरीला आखाजीच्या सकाळी, हातात घागर असलेल्या माणसाच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकून दुसरं काय वाटणार? तुझंही बरोबर, त्यांचंही बरोबर. खोटी फक्त मी.

मी दारातून सगळं पाहत होते. तू पाठ वळवलीस तेव्हा मला पळत येता आलं असतं. फाटक वीस पावलांवर आहे. मी हाताचं कुंकू पदराला पुसत उभी राहिले.

आबा घागर हातात तशीच घेऊन बसस्टँडपर्यंत धावले. लोक बघत होते. शहाद्याची बस निघून गेली होती. परत येताना त्यांनी घागर पाणंदीच्या दगडावर आपटली.

पुढं गावात झालं, सुकलालनं पोरीची घागर भरली. चुनीलाल काकांनीच पसरवलं असणार, नाव कोणाच्या तोंडून आलं ते नाही, घागर कोणाच्या हातात पाहिली ते. आबांनी कधी नाही म्हटलं नाही. मी महिन्याभरानं विचारलं, “तुम्ही खरं का सांगत नाही लोकांना?” विळ्याला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, “तिले एक तरी ऱ्हाऊ दे. मी नही ते नही. माय तरी ऱ्हाऊ दे.”

त्यांनी तुला आई ठेवली होती, रुपा. स्वतःतला बाप काढून दिला आणि तुला आई ठेवली. पुस्तकात वाचलं तेव्हा कळलं की त्या माणसाचा हिशेब अगदी खरा निघाला. तू खरोखरच त्या एका गोष्टीवर उभी राहिलीस.

आणि आता हे पत्र मी टाकलं तर तीही गोष्ट जाईल. नाही टाकलं तर तो माणूस तुझ्या मनात कायमचा कसाई म्हणून राहील. येत्या आखाजीला त्यांची पहिली घागर आहे. लेक जिवंत असून तिचा हात लागणार नाही त्या घागरीला.

काय करू?

५ एप्रिल

रुपा,

मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “पुस्तक पत्र लिहा म्हणतं. टाका म्हणत नाही. तुमची मुलगी ज्या आधारावर उभी आहे, तो काढायचा की नाही, हे कुठल्याच पुस्तकात नाहीये, प्रमिलाताई.” मला राग आला. मग कशाला एवढी पुस्तकं छापतात?

घरी येऊन स्वप्नालीला सांगितलं. तिला तर मुळापासून माहीत नव्हतं. ती पीठ मळत होती, हात तसेच परातीत राहिले. “माझ्या लग्नासाठी?” एवढंच बोलली. त्या दिवशी ती जेवली नाही. भूपेश दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाला, “आबांचा फोटो मी रोज पुसतो आई, आणि मनात रोज त्यांच्याशी भांडत होतो.” पोराचं तोंड बघवेना.

म्हणजे त्यांनी एकट्या तुलाच गमावलं नव्हतं. या घरात मुलगा पण गमावला होता, आणि मी रोज त्यांच्या ताटात वाढत होते.

मग मी ठरवलं. दवाखान्याचं पुस्तक घेतलं, लाल पेन घेतलं आणि पान चौसष्टवर ‘वडील’ जिथं जिथं होतं तिथं काट मारली. वर लिहिलं, ‘घागर आईनं आणली. सातवं बोट आईनं काढलं. वडील घागर फोडायला निघाले होते आणि मुलीला हाक मारत होते.’ खाली सही केली, प्रमिलाबाई सुकलाल पाटील, निवृत्त अंगणवाडी सेविका, धानोरा. पुस्तकात पेन चालवलेलं मला पोरांचंही खपायचं नाही.

एक ओळ मात्र राहिली. ‘मला एकाच गोष्टीनं तारलं. माझ्या आईनं ते केलं नव्हतं.’ तीनदा पेन नेलं तिथपर्यंत. हात पुढं जाईना.

मॅडमना वाटलं मी पुस्तक खराब केलं म्हणून भरून द्यायला आले. त्यांनी पान वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. पुस्तक मला परत दिलं. म्हणाल्या, आखाजीपर्यंत तुमच्याकडेच राहू दे.

भूपेशचा फोन तू त्या दिवसापासून उचलत नाहीस, आणि पुस्तक काढणाऱ्या संस्थेनं तुझा पत्ता दिला नाही. पत्र पोचवतो म्हणाले. ही सगळी पत्रं एका पाकिटात घालून देते आहे. पहिल्यापासूनची सगळी, ज्यांत मी लपवलं तीसुद्धा.

तुझा आधार मी काढून घेते आहे. त्याच्या जागी तुझे आबा ठेवते आहे. मला एवढंच जमतं.

आई

धडगाव
१९ एप्रिल २०२५

प्रमिलाबाईंस,

पाकीट मिळालं. दोनदा वाचलं. शिकवते त्या शाळेत दोन दिवस रजा टाकली.

घरात सवाष्ण एकच होती, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. परत येताना बसमध्येच डोक्यात आलं होतं. मी सात वर्षं ते स्वतःला कळू दिलं नाही. दोघांपैकी एक कोणीतरी मला हवं होतं.

आबांची घागर मी भरणार. बोट मी काढणार. तुम्ही घागरीला हात लावायचा नाही. माझ्याशी बोलायचं नाही.

आम्ही तिघं येऊ.

रुपा

धानोरा
१ मे २०२५

रुपा,

काल तुम्ही गेल्यापासून मी जागेवरून हललेली नाही म्हटलं तरी चालेल. स्वप्नालीनं चहा आणून ठेवला, तो गार झाला.

तू मला ‘तुम्ही’ लिहिलंस ना, ते वाचून मी भिंतीला टेकले होते. म्हटलं, तू बोलू नको म्हणालीस तर नाही बोलणार. तोंडात पदर कोंबून बसेन. घागर भूपेशनं आणली होती. खरबूज जावयांनी, दलसिंगनी आणलं. पायऱ्या चढताना ते अडखळले, कोणत्या पायानं आत यावं असं झालेलं त्यांना. भूपेशनं हात धरून आत घेतलं. चुनीलाल काका फाटकात येऊन उभे राहिले, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. बघता बघता डोळे पुसायला लागले.

आणि ती पोर. तू तिला हाक मारलीस, “तापी, चपला काढ.”

तापी! ज्या माणसानं तुझी घागर भरली असं समजत होतीस, त्याच्याच आईचं नाव तू पोरीला दिलंस? आणि तेही त्याच वर्षी? तुझे आबा हे ऐकायला हवे होते गं. आणखी सहा महिने कशाला, तीन तास जरी मिळाले असते आणि मी तोंड उघडलं असतं, तर त्यांनी हे ऐकलं असतं. हे माझ्याकडून कधीच फिटणार नाही.

तू घागर भरलीस. सांजोरी ठेवलीस. उंबरठ्यावर सहा बोटं ओढलीस आणि सातवं आबांचं. सुकलाल, असं नाव घेताना तुझा आवाज फुटला. भूपेश हमसून रडला. मी स्वयंपाकघराच्या दाराशी होते, सात वर्षांपूर्वी जिथं उभी होते तिथंच, एक पाऊल इकडं ना तिकडं.

मग तू कुंकवात परत बोट बुडवलंस.

कळलं मला. आठवं माझं. आणि खरं सांगू, बरं वाटलं. फिटंफाट. मी तोंडातला पदर काढला, म्हटलं, “घे. मन्हं नाव घे.”

तू आल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंस. म्हणालीस, “जित्ता माणूसनं बोट काढतस का?”

आबांचे शब्द. मीच तुला लिहून पाठवलेले. ते बोट तू तापीच्या कपाळाला लावलंस.

ती पोर तेव्हाच माझ्याजवळ आली, म्हणाली, “पाणी पाहिजे.” मी माठातलं दिलं. अर्धं तिच्या फ्रॉकवर सांडलं. पिता पिता तिला दारामागचे आकडे दिसले. तिनं विचारलं, “हे काय आहे?” मला बोलायची परवानगी नव्हती. तू आत येऊन तिला एकेक वाचून दाखवलेस. तीन किलो शंभर. चार किलो. पाच किलो दोनशे. मी मोरीकडं तोंड करून उभी राहिले.

तुम्ही जेवला नाहीत. निरोप घेतला नाहीत. मोटरसायकल पाणंदीला वळेपर्यंत मी ओट्यावर होते. तापीनं हात हलवला की केस सावरले, ते दिसलं नाही.

पुस्तक मी दाराजवळच्या फळीवर ठेवलं होतं, तुला दिसावं म्हणून. पान चौसष्टला लोकरीचा दोरा घालून. तू ते उघडलंस की नाही, मी पाहिलं नाही, माझी हिंमत झाली नाही. संध्याकाळी दिवा लावताना हातात घेतलं. मला जी ओळ खोडता आली नव्हती, त्या ओळीत तू एकच शब्द खोडला होतास. आता ती अशी आहे:

‘मला एकाच गोष्टीनं तारलं. माझ्या आबांनी ते केलं नव्हतं.’

बुधवारी पुस्तक परत करायचं आहे. मॅडम म्हणाल्या, रांगेत पुढची बाई थांबली आहे.

आई